कोयतीला कुंकू

आमच्या घरात तांदळाचे दोन डबे आहेत. एकातले तांदूळ आम्ही खातो, दुसऱ्यात पावसाळाभर माझी कोयती राहते. तेलाचा हात फिरवून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, कोरड्या तांदळात पुरलेली. तांदूळ दमटपणा ओढून घेतात. पूर्वी डबा एकच होता. एकदा खिचडीसाठी तांदूळ काढताना सासूबाईंच्या हाताला पातं लागलं आणि त्या अशा ओरडल्या की शेजारचे विचारायला आले. त्या दिवशी कोयतीचं बिऱ्हाड वेगळं झालं.

कोयती माझ्या वडिलांची. ते कोकणात वनखात्यात होते. तिथे चार महिने पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने भिंती वाळतात. लग्नानंतर मी इथे हिंदी मुलखातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले आणि मुलांना घेऊन पहिल्यांदा जंगलात निघाले, तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली. वर इतक्या सूचना दिल्या, की तेवढ्या मला सासरी पाठवतानाही दिल्या नव्हत्या. ओली झाली की लगेच पूस. उबेला धर, विस्तवावर नको. खोबरेल लाव, पण बोट फिरेल इतकंच. मूठ कोरडी पडली तर तिला जवसाचं तेल पाज. आणि पावसाळ्यात म्यानात घालू नकोस, चामडं स्वतः पाणी पितं आणि लोखंडालाही पाजतं.

ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचं माझ्याकडे दुसरं काही नाही. म्हणून तिच्या बाबतीत मी जरा जास्तच करते, हे कबूल. शेगडीजवळ कोयती शेकत बसले की नवरा विचारतो, "आज पेशंटला ताप किती?"

सासरचे लोक मूळचे दरबारी. पूर्वज कुणा सरदाराच्या पदरी होते म्हणे, आणि पुरावा म्हणून मखमली म्यानातली एक कट्यार आहे. ती बाहेर कधी येत नाही. सासूबाई म्हणतात, "खानदानी शस्त्र आहे, उगाच नाही निघत." मी म्हणते, आत गंजून चिकटलंय. अर्थात मनात म्हणते.

खंडेनवमीला शस्त्रपूजेच्या पाटावर ही कट्यार असते, नवऱ्याचा लॅपटॉप असतो, स्कूटरची किल्ली असते, झालंच तर मिक्सर. पहिल्या वर्षी मी कोयती पुढे केली तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते तर तुमच्याकडचं अवजार आहे. इकडे आपल्या घरचं ठेवतात." मिक्सर चालतो, माझा बाप चालत नाही! मी पुन्हा विचारलं नाही. पण बावीस वर्षं दर खंडेनवमीला ते मला लागत राहिलं.

दोन वर्षांपूर्वी पितृपक्षात, सासऱ्यांच्या श्राद्धाच्या दिवशी, नदीवर राम घाटाशी गुरुजी खोळंबले होते. दारात ऑटो उभा होता आणि रात्रीच्या पावसानं कडुनिंबाची फांदी फाटकात आडवी पाडून ठेवली होती. नवरा फोनवर कुणाकुणाला बोलावत होता. मी पदर खोचला, डब्यातून कोयती काढली आणि दहा मिनिटांत वाट मोकळी केली. सासूबाई ऑटोत बसल्या आणि "चलो भैया" एवढंच म्हणाल्या, तेही ऑटोवाल्याला.

त्या वर्षी खंडेनवमीला मी आंघोळ करून आले, तर पाटावर कट्यारीशेजारी माझी कोयती. पात्यावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, आणि वर पाणी निथळणारे झेंडू. मला फार आनंद झाला, आणि पुढच्याच क्षणी मी तास मोजायला लागले. पूजेतलं शस्त्र दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवायचं नाही. बाहेर पाऊस. म्हणजे दीड दिवस उघड्या लोखंडावर ओलं कुंकू. पुसावं, तर बावीस वर्षांनी मिळालेला मान पुसला. न पुसावं, तर बाबांची कोयती गेली.

"बढिया दिसते ना?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

मग दीड दिवस मी त्या पाटाभोवती मांजरीसारख्या घिरट्या घातल्या. हळूच पंखा लावला, तर निरांजन विझतंय म्हणून त्यांनी बंद केला. दसऱ्याला झेंडू उचलले तेव्हा स्वस्तिक जागच्या जागी होतं, फक्त आता ते कुंकवाचं नव्हतं.

मी अंगणात बसून राखेनं आणि तेलानं घासायला घेतलं. बाकीचं निघालं, एक रेघ काही जाईना. तेवढ्यात सासूबाई आल्या.

"सणाच्या दिवशी माझं कुंकू पुसते आहेस?"

"कुंकू नाही आई, गंज आहे."

"कुंकवानं कधी जंग लागतं का?"

माझा तोल गेला. "लागतं! माझ्याकडे बाबांचं एवढंच आहे, आणि तुम्ही ते भिजत ठेवलंत!"

त्या आत गेल्या. रात्री सोनं म्हणून आपट्याचं पान दिलं, पण माझ्या तोंडाकडे न बघता.

वर्षभर आम्ही दोघींनी तो विषय काढला नाही. मला बोलल्याचं वाईट वाटत होतं, आणि माफी मागायचीही नव्हती. पुढची खंडेनवमी आली तेव्हा मी ठरवून टाकलं, यंदा कोयती डब्यातच राहील.

सकाळी पाहते तर डबा उघडा. सासूबाई पाटासमोर बसलेल्या, आजूबाजूला तांदूळ सांडलेले. कोयती पाटावर होती. झेंडू तिच्या शेजारी होते, अंगावर नाही. त्या वाटीत बोट बुडवून स्वस्तिक काढत होत्या, त्या न गेलेल्या रेघेवरूनच.

"खोबरेलात कालवलंय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तुझ्या बाबांना पाणी नाही चालत ना."

मी तिथेच खाली बसले आणि रडायला लागले. त्यांच्यासमोर पहिल्यांदाच. त्यांनी कोपरानं मला बाजूला सारलं.

"अगं, जरा हटून रड. तिच्यावर टपकेल, जंग लागेल."