मेलेल्यांनी पाणी प्यायला यायचं

आमच्या उन्हाळी शिबिरात मला सगळे ‘खडूस ताई’ म्हणायचे आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटायचं नाही. इंदूरचा मे महिना, मैदानावर लढाईचा खेळ, पोरांच्या हातात स्पंजच्या तलवारी आणि अंगात वीर संचारलेले. तिथे कुणी तरी खडूस हवंच की.

मी एरवी शाळेत पी.टी. शिकवते, म्हणून शिबिरात मुलांना सांभाळायचं काम माझ्याकडे. खेळ असा, की मुलं मावळे व्हायची आणि किल्ला लढवायची. तलवार लागली की मरून पडायचं, नगारा वाजेपर्यंत हलायचं नाही. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला धडकीच भरली. अहो, निपचित पडलेलं पोर खेळतंय का खरंच चक्कर येऊन पडलंय, हे लांबून कळणार कसं? त्यात आमची पोरं एवढी जिद्दी, की मुंगी चावली तरी हूं का चूं करायची नाहीत. मावळा मेला म्हणजे मेला.

मी नियमच बदलला. तलवार लागली की हात वर करायचा, झाडाखालच्या माठापाशी चालत यायचं आणि पाणी प्यायचं. जमिनीवर पडायचं नाही. कुणी पडलेलं दिसलं, तर खेळ तिथल्या तिथे बंद. मुलांनी आधी कुरकुर केली, मग मेलेल्यांचा माठापाशी असा काही अड्डा जमायला लागला, की जिवंत असलेल्यांना हेवा वाटावा.

नाकं मुरडली ती मोठ्यांनी. शिबिर चालवणारे भिया (इंदुरात भैयाला भियाच म्हणतात) म्हणाले, मॅडमजी, मज़ा किरकिरा हो जाता है. मैदान ज्यांच्या मालकीचं, त्यांची नात शिबिरात होती. या आजोबांचे पूर्वज इथल्या संस्थानी फौजेत होते, आणि ते हे कुणाला विसरू देत नसत.

“आमच्या घराण्यात रण सोडून पाणी प्यायला कोणी गेलं नाही,” ते मला म्हणाले.

“मग आजोबा, बरेच जण उगाचच जिवानिशी गेले असतील,” मी म्हणाले.

भियांचा चेहरा उतरला. उतरू दे.

समारोपाला प्रमुख पाहुणे हेच आजोबा. त्यांना शेवटच्या लढाईत सगळे मावळे धारातीर्थी पडलेले हवे होते आणि त्यांच्यासमोर भाषण करायचं होतं. भिया मला म्हणाले, एक दिन की तो बात है, तुमचा नियम आज बाजूला ठेवा, पटत नसेल तर येऊ नका. मी गेले. न जाऊन काय करणार होते, घरी बसून पोहे खाणार होते?

कार्यक्रम उशिरा सुरू झाला आणि ऊन चांगलंच चढलं. आईबाप मंडपात बसून मोबाइलवर शूटिंग करत होते. पोरं उन्हात मरून पडली आणि आजोबांनी माइक हातात घेतला. पणजोबा झाले, खापरपणजोबा झाले, तरी भाषण काही संपेना. मी भियांना खूण केली, त्यांनी डोळे वटारले. संताप संताप झाला माझा. आता हे मला काढून टाकणार हे ठाऊक होतं. टाका, म्हटलं मनात, आणि दोरी ओलांडून सरळ मैदानात गेले.

“उठा रे सगळे. सावलीत चला.”

भाषण थांबलं. मंडपातून कुणी तरी ओरडलं, अरे यार, व्हिडिओ बिघडला. पोरं कपडे झटकत उठली.

एक उठली नाही. आजोबांची नात.

मी तिला उचलून झाडाखाली नेलं, पाय उंचावर ठेवले, मानेवर ओले पंचे ठेवले. पालकांमधल्या एक डॉक्टर धावत आल्या, त्यांनी नाडी पाहिली. आजोबा तिच्या उशाशी येऊन मातीत बसले होते आणि माइक अजून त्यांच्या हातातच होता. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

“आबा, भाषण झालं? आता उठू का?”

माइक चालूच होता. तिचा प्रश्न सगळ्या मंडपाला ऐकू गेला.

आजोबा ओल्या पंच्याने तिचं कपाळ पुसत राहिले. मग उत्तर मीच दिलं, तेही माइकवरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

“बाळा, बरं वाटेनासं झालं की उठून यायचं. भाषण कुणाचंही चालू असो.”