अप्पांचा डास आणि देशाचं शिक्षण

आई तुळजाभवानीची शप्पत, खाली लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे!

आता शपथ घेताना माझी पाठ तुळजापूरकडं होती, ही गोष्ट वेगळी. म्हणजे अगदी शब्द न् शब्द म्हणता यायचं नाही. पण घडलं ते घडलंच. वरून थोडं मीठ मी टाकलंय, आणि मिठाशिवाय आमच्या जिल्ह्यात कुणी ताटावर बसत नाही.

पक्षाचं काम करणाऱ्याच्या पदरात पद पडत नाही, किस्से पडतात. आयुष्यभर सभेच्या सतरंज्या उचलल्या. त्या झटकल्या की धुळीबरोबर एकेक किस्सा खाली पडतो. पण आमच्या शिक्षण समितीनं जेवढे पाडले, तेवढे बाकी सगळ्या सतरंज्यांनी मिळूनही पाडले नसतील.

*

आमचा पक्ष दिल्लीत मोठा, मुंबईत मध्यम, आणि धाराशिव जिल्ह्यात अप्पांच्या दुकानामागं.

अप्पा म्हणजे शिवलिंगअप्पा. लोहाऱ्यातले डाळीचे व्यापारी आणि आमचे जिल्हाध्यक्ष. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, खिशात दोन मोबाईल. एक दिवस वरून आदेश आला, की देशाची शिक्षणव्यवस्था कशी सुधारावी, याच्या सूचना प्रत्येक जिल्ह्यानं पाठवाव्यात. आमच्या पक्षाचे मोठे नेते, म्हणजे साहेब, स्वतः जिल्ह्यात येऊन नवं धोरण जाहीर करणार!

अप्पांनी तुरीच्या पोत्यावर बसून समिती नेमली. एक स्वतः. दुसरे तेरखेड्याचे दस्तगीरभाई, ज्यांचा फटाक्यांचा कारखाना. महिला पाहिजेच म्हणून सुंदराबाई. बेंबळीजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत त्या खिचडी शिजवायच्या. आणि सेक्रेटरी मी, कारण माझ्या खिशाला पेन होतं.

मी भीत भीत म्हणालो, "अप्पा, एखादा प्राध्यापक घेऊ या का?"

"कशाला? दुखणं सांगायला पेशंट लागतो, कंपाउंडर न्हाय!"

"तुमचं शिक्षण किती झालंय?"

"चौथी. पाचवी ओढ्यापल्याड व्हती. म्या अल्याडच ऱ्हायलो!"

आणि स्वतःच्याच विनोदावर अप्पा इतके हसले, की पोतं उसवलं.

*

आता समितीची कामाची पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्याकडं सोयरीक जुळली की सुपारी फुटते आणि दारात फटाक्यांची माळ लागते. माळ वाजली की विषय संपला. मग नवरदेवाला टक्कल आहे असं कळलं, तरी कुणी मागं फिरत नाही. सगळ्या गावानं ऐकलेलं असतं ना!

दस्तगीरभाईंनी तीच पद्धत समितीला लावली. माल घरचाच. ठराव मंजूर झाला की अप्पांनी टाळी वाजवायची, टाळी वाजली की दस्तगीरभाईंनी दाराबाहेर माळ लावायची. त्यानंतर चर्चा बंद!

"और किसी को बाद में शंका आयी तो?" दस्तगीरभाईंनी आधीच विचारून ठेवलं.

अप्पा म्हणाले, "फुटलेला फटाका परत गुंडाळता येत न्हाय!"

शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला सुरुवातीला वाटलं, अप्पांच्या घरात लग्नं उरकतायत. तो दोनदा आहेर घेऊन आला.

*

पहिला विषय भाषेचा. मुलांना शिकवायचं कोणत्या भाषेतून?

"मातृभाषेतून!" अप्पा गरजले.

"तुमची कंची?" सुंदराबाईंनी विचारलं.

अप्पा विचारात पडले. आई बोलायची कन्नड. दुकान चालायचं मराठीत. दस्तगीरभाईंशी दोस्ती दखनीतून.

"असं करा सेक्रेटरी, लिव्हा. हिशेब कन्नडमधून शिकवावा, भांडण दखनीतून, आणि बाकी समदं मराठीतून."

"हौ, और इंग्लिश?"

"इंग्लिश सहीपुरती!"

एवढ्यात अप्पांच्या एका खिशातला मोबाईल वाजला. पलीकडून अप्पांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकू. अप्पांनी फोन कानाला लावला आणि बराच वेळ नुसती मान हलवत राहिले. फोनवर माणूस मान हलवतो तेव्हा ती कुणाला दिसते, हे मला आजवर कळलेलं नाही. शेवटी "व्हय" एवढंच म्हणून फोन ठेवला.

"अप्पा, ही कंची भाषा?" सुंदराबाई.

"ही राष्ट्रभाषा!"

टाळी. माळ.

*

दुसऱ्या बैठकीत दस्तगीरभाईंनी सूचना मांडली, की विज्ञान पुस्तकातून नको, प्रात्यक्षिकातून शिकवा. नुसतं मांडून थांबते तर ते दस्तगीरभाई कसले! पिशवीतून भुईनळा काढला आणि बैठकीच्या मधोमध पेटवला.

"देखो, हिरवा रंग कैसे आता..."

हिरवा आला. मग लाल आला. मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या साहेबांच्या कटआउटला ठिणगी लागली. सुंदराबाईंनी पाण्याची कळशी ओतली म्हणून बरं. साहेब वाचले, पण त्यांची मिशी गेली. तिथला छापील कागद जळून खालचा पांढरा पुठ्ठा वर आला.

सगळे हबकले. अप्पा कटआउटभोवती एक फेरी मारून आले.

"राहू द्या. साहेब तरुण दिसतायत!"

तेच कटआउट पुढं सभेला चौकात लावलं. आणि ऐका गंमत, साहेब गाडीतून उतरले, त्यांनी कटआउटकडं पाहिलं, रुमाल काढून घाम पुसला, आणि व्यासपीठावर चढेपर्यंत त्यांचीही मिशी गायब! आजूबाजूच्या कार्यकर्त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. पक्षशिस्त म्हणतात ती हीच.

*

तिसरी बैठक परीक्षेची. माझा ठराव असा होता, की दरवर्षी मुलांनी शिक्षकांची परीक्षा घ्यावी आणि नापास शिक्षकाला पुन्हा त्याच वर्गात बसवावं. मी तो निव्वळ गंमत म्हणून वाचला. अप्पा भडकले.

"साकु साकु!" राग आला की ते कन्नडमध्ये 'पुरे पुरे' म्हणायचे. "दिल्लीवाले आपल्याला येडं म्हणतील! असला ठराव अजिबात..."

आणि नेमका कानापाशी डास आला. अप्पांनी दोन्ही तळहातांत चट्कन् चिरडला.

बाहेर माळ सुरू!

अप्पा धावत दारात गेले. "दस्तगीरभाई, डास व्हता, डास!"

"टाली सुनी, बत्ती दी. मेरेकू क्या मालूम मच्छर है!" दस्तगीरभाई म्हणाले. "अब बाजी सो बाजी."

नियम तो नियम. देशाच्या शिक्षणातला सगळ्यात क्रांतिकारक ठराव एका डासानं मंजूर केला, आणि तो मी दिल्लीला पाठवलासुद्धा.

सुंदराबाई तेव्हा फार हसल्या नाहीत. त्या विझत आलेल्या माळेकडं बघत होत्या.

"म्हंजे एकदा वाजली की कुणाच्या बाच्यानं फिरत न्हाय?"

"न्हाय," अप्पा कपाळ चोळत म्हणाले.

*

सुंदराबाईंची सूचना एका ओळीची होती. आमच्या वस्तीवरची शाळा बंद करू नका.

शाळा चिमुकली. पटावर मोजकी पोरं, त्यांतली एक सुंदराबाईंची नात. शाळा मोडून पोरं पलीकडच्या गावातल्या मोठ्या शाळेत घालणार, अशी कुणकुण होती. मधी ओढा. उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत, पावसाळ्यात म्हशी वाहून नेणारा. मोठी पोरं जातील कशीबशी. बारकी घरी बसतील, आणि पोरी तर बसतीलच बसतील.

दर बैठकीला सुंदराबाई ती ओळ मांडायच्या आणि दर वेळी अप्पा ती बाजूला ठेवायचे.

"सुंदराबाई, हे राष्ट्रीय धोरण हाय. बेंबळीचं न्हाय."

"मग आमची वस्ती काय राष्ट्राच्या भाईर हाय व्हय?"

खरी अडचण अप्पांनी मला दुकानात एकट्याला सांगितली. साहेबांच्या धोरणातलं मुख्य कलमच ते होतं, की बारक्या शाळा बंद करून तालुक्याला एकेक मोठं संकुल उभारायचं. साहेब तेच लोहाऱ्याच्या सभेत जाहीर करणार होते.

"आता अध्यक्षानंच इरोध केला तर पद ऱ्हाईल का माझं?"

"नाही राहणार."

"मग गप बसायचं." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, अप्पांनी तराजूत डाळ टाकली. काट्याकडं मात्र त्यांचं लक्ष नव्हतं. गिऱ्हाईक जास्तीची डाळ घेऊन गेलं. अप्पांच्या दुकानात हे पहिल्यांदाच घडलं!

*

सभेचा दिवस उजाडला. भर दुपार, रणरणतं ऊन. सुंदराबाई वस्तीवरच्या बायकांना आणि पोरांना जीपमध्ये कोंबून घेऊन आल्या होत्या. नात कडेवर. मैदानाच्या कडेला दस्तगीरभाई. झाडापासून झाडापर्यंत टांगलेली अशी लांबलचक माळ, की आजवर लोहाऱ्यात कुणी पाहिली नव्हती. ठरलेलं असं, की साहेबांचं भाषण संपलं की अप्पांनी माईकजवळ टाळी वाजवायची आणि दस्तगीरभाईंनी बत्ती द्यायची.

अप्पा साहेबांच्या शेजारी उभे. घामानं भस्म ओघळलेलं.

साहेब बोलायला लागले. भाषण मोठं कसलेलं. आवाज चढवायचा, मग थांबायचं, पाणी प्यायचं, पुन्हा चढवायचा. बोलत बोलत ते शाळांवर आले. बोट वर केलं.

"वस्ती कितीही लहान असू द्या! पोरं कितीही कमी असू द्या! एकाही वस्तीवरची शाळा आम्ही बंद होऊ देणार नाही..."

आणि साहेब थांबले. पाण्याचा ग्लास उचलला. एक घोट घेतला.

पुढचं वाक्य मला ठाऊक होतं. भाषणाची प्रत मीच टाईप करून आणली होती. पुढं होतं, 'असं म्हणून आमच्या विरोधकांनी देशाला मागं ठेवलं.'

माईकमधून टाळी ऐकू आली. एकच. चट्.

माळ पेटली! या झाडापासून त्या झाडापर्यंत ती वाजतच राहिली. धूर, कागदाचे कपटे, पोरांचा आरडाओरडा. सुंदराबाईंच्या बायका उठून टाळ्या कुटायला लागल्या. हलगीवाल्यांना वाटलं आपली वेळ झाली, त्यांनी हलगी सुरू केली. हारवाल्यांनी हार घातले. पत्रकारांनी फोटो काढले. साहेब तोंड उघडायचे, पण आवाज माळेचाच यायचा. सगळं शांत झालं तेव्हा साहेबांच्या गळ्यात नाकापर्यंत झेंडू होता आणि सुंदराबाईंची नात त्यांच्या कडेवर होती.

साहेब फुलांतून दात आवळून म्हणाले, "अप्पा, माझं वाक्य अर्धं राहिलं!"

"साहेब, आमच्याकडं माळ वाजली की चर्चा बंद."

"पण टाळी कुणी वाजवली?"

अप्पांनी आपले दोन्ही तळहात साहेबांपुढं उघडले. स्वच्छ होते.

"डास व्हता, साहेब."

भर दुपारी. उघड्या मैदानात. तसल्या उन्हात!

सुंदराबाईंनी अप्पांकडं पाहिलं. अप्पा ओढा कोणत्या बाजूला आहे ते बघितल्यासारखं दूर कुठंतरी बघत होते.

*

आता यातलं रचलेलं किती, ते तुम्ही विचारणारच. पाठ तुळजापूरकडं होती, हे मी आधीच सांगितलंय.

मिशी. मिशी तेवढी माझी. साहेबांना मिशी कधी नव्हतीच. ना तोंडावर, ना कटआउटवर.

शाळा मात्र भरते. खोटं वाटत असेल, तर बेंबळीला उतरा आणि मधल्या सुट्टीच्या सुमाराला वस्तीवर जा. जाताना ताट घेऊन जा.