सुमनची जीप आणि मुलताईची वाट

बुधवाऱ्याच्या बाजारातल्या दुकानात मी ताडपत्री निवडत होते. जीपच्या टपाला बांधून बाजूला ओढली, की खाली दोन बायकांना स्टोव्ह पेटवून चहा करता येईल एवढी. तेवढ्यात दापोऱ्याहून प्रकाशचा, माझ्या नणंदेच्या मुलाचा फोन आला. "मामी, आई गेली. झोपेतच..." दुकानदार कात्री धरून विचारत होता, कापू का? मी हो म्हणून मान हलवली. ताडपत्री काखोटीला मारून रिक्षात बसले आणि दापोऱ्याला पोचेपर्यंत डोक्यात एकच, की ही रुंदीला कमी पडणार आणि सुमन मला बोलणार.

सुमन माझी धाकटी नणंद, पण हिमतीने थोरली. मी लग्न होऊन आले तेव्हा ही शाळकरी पोर केळीच्या बागेत ट्रॅक्टर चालवायची. आणि मी? मी बैलगाडीतसुद्धा डोळे मिटून बसायचे. वर शहाणपणा केवढा... पोरीच्या जातीला स्टेअरिंग शोभत नाही, असं पदर सावरत तिला बजावलं होतं. ती म्हणाली, "वहिनी, मग भिणं तरी कुठे शोभतंय तुम्हाला?" तेव्हाची ती मी आज भेटली, तर तिला जीपच्या टपावर बांधून डोईफोडियाच्या जंगलातून हिंडवून आणीन.

साठी उलटल्यावर, पोरं आपापल्या मार्गाला लागल्यावर, सुमनने चारही चाकांनी ओढणारी एक जुनी जीप घेतली. तापी जिथे उगम पावते त्या मुलताईला जायचं, तेही हमरस्ता सोडून, कच्च्या वाटांनी, मुक्काम करत. हे तिने मला भाजी निवडता निवडता सांगितलं आणि माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. मग काय, दापोऱ्याची तिच्या घरची शेड म्हणजे आमचा कारखाना झाला! जाड नक्षीचे टायर आले. नाल्यात शिरलं तरी इंजिनाला हवा मिळावी म्हणून टपापर्यंत उंच पाइप चढला, त्याला आम्ही सोंड म्हणायचो. पुढे दोर गुंडाळणारी विंच, आत दुसरी बॅटरी, टायरात हवा भरायचा छोटा पंप. ठिबकच्या उरलेल्या नळीतून सुमनने आंघोळीचा फवारा केला, आणि मी मागच्या दाराशी मसाल्याचा डबा, पोळपाट, स्टोव्ह बसेल असा सरकता खण करून घेतला. तो पहिल्यांदा खाडकन बाहेर आला तेव्हा आम्ही दोघी लहान पोरींसारख्या तो आत-बाहेर करत बसलो. गावातल्या बाया बघायला यायच्या. एकीने विचारलं, यात नवरी बसवून नेणार का? सुमन म्हणाली, दोन नवऱ्या आहेत, वऱ्हाड शोधतोय.

पहिली परीक्षा तापीच्या वाळूत. टायर ट्रॉलीसारखे टम्म फुगवून आम्ही ऐटीत पात्रात उतरलो आणि चाकं रुतली. तेव्हा अक्कल मी चालवली. काठावरच्या बागेत केळी कापून झालेली, खांब आडवे पडलेले. म्हटलं, घाला चाकाखाली! आयुष्य केळीत काढलेल्या आम्ही दोघी, कमरा मोडेस्तोवर खांब ओढून आणले. सुमनने गियर टाकला, आणि चाकं त्या रसाळ खांबांवर अशी गरगरली जशी साबणाच्या वड्यांवर. रसाचे फवारे माझ्या नव्या कोऱ्या साडीवर. केळीचा डाग, जन्मात निघायचा नाही. सुमन स्टेअरिंगवर डोकं टेकून हसत होती. मग शांतपणे उतरली, चारही टायरांची हवा सोडली, ते उंटाच्या पायासारखे पसरले, आणि जीप मुकाट बाहेर आली. मला म्हणाली, पुढच्या खेपेला तुम्ही चालवा. मी सवयीने म्हटलं, चल, काहीतरीच. ती हे दर वेळी म्हणायची आणि मी दर वेळी तसंच उडवून लावायची...

दिवाळीनंतर निघायचं ठरलं होतं. त्याआधीच ती गेली. तेराव्यानंतर प्रकाशने सांगितलं, खंडव्याचा एक जण जीप घेतोय, पण सोंड, विंच, खण सगळं काढून. सुमन गेली हे मी तोवर सोसलं होतं, पण तो खण कोणी उचकटणार म्हटल्यावर मी उठून उभी राहिले. मी म्हटलं, विकू नको, मुलताईला जायचंय. तो म्हणाला, "मामी, चलायेगा कौन?"

"मी."

तो हसला नाही. बिचाऱ्याला वाटलं, दुःखाने भ्रमिष्ट झाली. मी त्याच आठवड्यात शिकाऊ लायसन्स काढलं, शेतातल्या वाटेवर दोन कुंपणं पाडली, एक बकरी थोडक्यात वाचली. शेवटी प्रकाश म्हणाला, वाळूतून काढून दाखवा, मग विकत नाही. परवा सकाळी आम्ही नदीवर गेलो. हवा मी सोडली, चारही चाकांचा जोर मी लावला, क्लच हळूहळू... आणि जीप तापी ओलांडून पलीकडच्या काठावर चढली! मी एवढी ओरडले की बगळे उडाले.

प्रकाशने खंडव्याला फोन करून जीप विकायची नाही असं कळवलं. मग माझ्याकडे वाकून बघितलं. सुमन बुटकी, मी ताडमाड. सीट तिच्या मापाने पार पुढे ओढलेली, माझा गुडघा स्टेअरिंगला घासून लाल झालेला. त्याने विचारलं, मागे सरकवून देऊ?

मी म्हटलं, "मुलताईपर्यंत राहू दे."