मेहुण्याचा पाला, अक्काची गोळी

त्या सकाळी बायको, मी आणि तिचा धाकटा भाऊ, तिघांनी मिळून भरताची वांगी सोलली. तेच शेवटचं. या मेहुण्याएवढा हट्टी माणूस जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांत सापडायचा नाही, हे मी चौथी शिकलेला माणूस लिहून देतो. पिंपळनेरला त्यानं फुटक्या हौदात ब्राह्मी लावली होती. डोकं शाबूत ठेवायचं तर हाच पाला. ओल्या फडक्यात बांधून खिशात घेऊन फिरायचा. एसटीचा कंडक्टर साक्रीला घंटी मारायला विसरला, तर त्याच्याही हातावर यानं चार पानं ठेवली. "दाजी, गोळी म्हणजे खडूनी भुकटी शे," हे मला वीस वर्षं ऐकवलं. माझी बीपीची गोळी दिसली की तोंड फिरवायचा.

मग बायकोला मेंदूचा झटका आला. धुळ्याच्या डॉक्टरनं गोळी दिली आणि बजावलं, एक दिवसही चुकवायची नाही, मेंदूवर बेतेल. ही ओठ मिटून बसली. "मना भाऊ खोटं बोलस का?" मी ओरडलो, हात जोडले, तिनं गोळी थुंकली. तीन दिवस असेच गेले. शेवटी त्याला फोन करून तोंडाला येईल ते बोललो. दुसऱ्या दिवशी तो बोचकं घेऊन आला आणि राहिलाच. "अक्का, तू गोळी खाय, मी पाला खास. देखूत कोनं डोकं टिकस ते."

रोज सकाळी मी परीक्षक. प्रश्न एकच, आपल्या पाच मावश्यांची नावं सांगा. ती अडखळायची, पण पाचवीपर्यंत पोचायची. हा मात्र चौथीवर अडायचा, डोकं खाजवायचा. एकदा तर म्हशीचं नाव सांगितलं. "भाऊ, तुना पाला म्हशीलेच घाल," म्हणत ती हसत गोळी गिळायची. दीड वर्ष हा रोज हरला. मला वाटायचं, याचंही डोकं कामातून गेलं, आता दोघांना सांभाळायचं.

वांगी सोलली त्याच दुपारी तिला दुसरा झटका आला आणि ती गेली. नातेवाइकांना कळवायचं होतं. फोन त्यानं घेतला. पाचही मावश्या, त्यांची गावं, सुना, जावई, कागद न बघता एकेकाला नावानं निरोप दिला. एक नाव चुकलं नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. गोळी कमी पडली की पाला, मला कळत नाही. दीड वर्ष ती मला नावानं ओळखत होती, एवढं कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या जागी येऊन बसला. एका हातात पाल्याचा रस. दुसऱ्या हातानं त्यानं माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्याच्याशेजारी माझी बीपीची गोळी, जी मी आदल्या दिवशी घेतलीच नव्हती.

"दाजी," तो म्हणाला, "तुमन्या मावश्या कितल्या?"