फ्रान्सनं जर्मन खाल्लं

मी नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. शहराबाहेर आमचा भाजीचा मळा आहे आणि सासूबाई स्वतः बाजारात बसून भाजी विकतात. गेल्या एप्रिलमध्ये वर्गात दाखवायला म्हणून मी गॅलियम मागवला. दुर्मीळ धातू, पण वितळतो तीस अंशांच्या आसपास. घरी आणेपर्यंत प्लास्टिकच्या डबीत त्याचं पाणी झालेलं. मग फ्रिजमध्ये लिंबांशेजारी ठेवला, तेव्हा पुन्हा घट्ट झाला.

सकाळी लिंबू काढताना सासूबाईंनी डबी उघडली.

"चांदी हाय का ग?"

"नाही आई. हातात तर घ्या."

थोड्याच वेळात त्यांच्या तळहातावर एक लकलकीत थेंब लोळू लागला. "अगं बाई! लोण्यावानी पातळ झालं की!" या हातातून त्या हातात ओतणं सुरू झालं. बोटं काळवंडली तरी त्यांना सोडवेना.

मला कॉलेजला उशीर होत होता. "खेळून झालं की हात धुवा. आणि अ‍ॅल्युमिनियमला तेवढं लावू नका."

"नाय लावत. जा तू."

संध्याकाळी परतले, तर त्या न्हाणीघराच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या. डबी कुठं ठेवली ते आठवेना, म्हणून त्यांनी तो थेंब पाणी तापवायच्या पातेल्याच्या झाकणात ठेवला होता. राखेनं घासून घासून ओरखडलेलं झाकण. आता उचलायला गेल्या, तर त्याचा तुकडा पापडासारखा मोडून हातात आला होता.

"आई, अ‍ॅल्युमिनियमला लावू नका म्हटलं होतं ना!"

"लावलं कुठं? हे तर जर्मनचं हाय!"

आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. मला काय ते ठाऊक नव्हतं? पण माझं रसायनशास्त्र न्हाणीघरापर्यंत कधी आलंच नव्हतं.

मी समजावलं. गॅलियम जर्मनच्या कणाकणांमधल्या फटींत शिरतो आणि त्यांची एकमेकांवरची पकड सोडवतो. हा धातू कुणी पाहिलाही नव्हता, तेव्हाच एका रशियन शास्त्रज्ञानं आपल्या तक्त्यात त्याच्यासाठी जागा राखून ठेवली होती. पुढं तो एका फ्रेंच माणसाला सापडला, आणि त्यानं आपल्या देशाचं जुनं नाव त्याला दिलं.

सासरे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "म्हणजे फ्रान्सनं जर्मन खाल्लं!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

"आणि गंमत म्हणजे," मी म्हटलं, "अ‍ॅल्युमिनियम ज्या मातीतून काढतात, त्याच मातीतून हाही थोडाथोडा मिळतो."

"एका आईची लेकरं, मग भांडणारच," सासूबाई म्हणाल्या. "पण याचा उपयोग काय? झाकणं मोडायला?"

मी ओसरीवरचा एलईडी दिवा दाखवला. त्याच्या उजेडामागे गॅलियम, मोबाइलच्या आतल्या चिपमध्ये गॅलियम. त्यांनी मोबाइल कानाशी नेऊन हलवून पाहिला. "वाजत तर नाय."

पुढं डबी सापडली, तेव्हा उरलेला गॅलियम मी तिच्यात भरून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवला. रविवारी डबी गायब. मी घाबरून बाजारात गेले. सासूबाईंनी ती शेजारच्या सरबतवाल्याच्या बर्फात ठेवली होती आणि गिऱ्हाइकांच्या तळहातावर तो तुकडा देत होत्या. "घट्ट धरा. अंगठी असली तर काढा. घरी गेल्यावर हात साबणानं धुवा. आणि जर्मनला लावायचं नाय!"

भोवती बायकांचा घोळका होता. मागं उभी राहून मीही हात पुढे केला.

"तू रांगेत ये," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मेथी फार लवकर संपली.