दिवा हिरवा होता

गोंदियाच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी वायरलेस शिकवते. दोन वर्षांपूर्वी मोहफुलांच्या दिवसांत चिचगडच्या पुढे, जंगलाला चिकटलेल्या एका टोलीवर, म्हणजे लहानशा पाड्यावर, मी कॉलेजच्या एका प्रयोगासाठी राहायला गेले. ज्यांच्या घरी राहिले त्यांना मी मावशी म्हणू लागले.

मोह पहाटे गळतो. बायका उजाडताना टोपल्या घेऊन वेचायला निघतात आणि अस्वलंही त्याच वेळी त्याच झाडांखाली येतात. मावशींच्या जावेच्या खांद्यावर पंज्याचे वण होते. ती भांडी घासायला वाकली की ते दिसत आणि मी दुसरीकडे बघे.

झाडांजवळच्या खांबावर आम्ही एक पेटी बसवली होती. तिच्यातून निघणाऱ्या रेडिओलहरी दोन कामं करत. टोलीच्या तोंडावरच्या दिव्याला संदेश पोचवत आणि झाडांखाली काही हललं तर त्यावर आपटून परत येत, म्हणजे रडारचंही काम करत. जनावर असलं की दिवा लाल, नसलं की हिरवा.

अडचण एकच होती. पेटी बोलत असतानाच ऐकत होती. तिच्या स्वतःच्या आवाजापुढे अस्वलावरून परत येणारी लहर अगदीच क्षीण, त्यात बुडून जायची. पण आपण काय पाठवलं हे पेटीला ठाऊक असतं. आलेल्यातून तेवढं वजा केलं की उरतो तो झाडांखालचा प्रतिध्वनी. ही वजाबाकी मी भर दुपारी खांबाखाली बसून जुळवली होती. मावशी झाडांखालून चालून दाखवत, दिवा दर वेळी लाल होई.

चार दिवस सगळं ठीक चाललं. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पूर्वी बायका काठ्या आपटत, कुत्री पुढे घालून जात. आता त्या फक्त दिवा बघत आणि निघत.

पाचव्या सकाळी दिवा हिरवा होता. मावशी आणि चार बायका गेल्या. मी अंगणात लॅपटॉप उघडून बसले. आधीच्या चार दिवसांपेक्षा हवेत जास्त गारवा होता. पडद्यावर वजाबाकीनंतर उरलेला गोंगाट दाखवणारी रेघ, जी एरवी तळाला टेकलेली असते, ती बरीच वर चढली होती. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मग लक्षात आलं. थंडीत पेटीतले भाग किंचित बदलले होते. दुपारची वजाबाकी सकाळी जुळत नव्हती. उरलेल्या गोंगाटाखाली हत्ती उभा असता तरी पेटीला कळलं नसतं. आणि काही दिसलं नाही तर हिरवा लाव, हा नियम मीच लिहिला होता.

मी अनवाणीच पळत सुटले. "मावशी, मागं फिरा!" एवढंच ओरडत होते.

मावशी पहिल्याच मोठ्या झाडाखाली वाकल्या होत्या. माझ्या आवाजाने त्यांनी मान वर केली, तेव्हा खोडाच्या पलीकडून अस्वलानेही केली. दोघांमध्ये दहा पावलं असतील. एका बाईने टोपलीतला डबा दगडावर बडवायला सुरुवात केली, मग सगळ्याच ओरडू लागल्या. अस्वल दोन पायांवर उभं राहिलं, फुस्कारलं आणि झुडपात घुसलं. मावशी मागे सरताना पडल्या. गुडघा फुटला, बाकी काही नाही.

मी मावशींना धरून घरी आणलं. मी हळद लावायला बसले तेव्हा त्या म्हणाल्या, "दिवा हिरवा काऊन होता?"

"पेटीला दिसत नव्हतं, मावशी."

"दिसत नोहोतं, तं तसं सांगाचं ना! काही नाही म्हून काऊन सांगून राहिली ते?"

मी जाऊन दिव्याची वायर काढली. आमच्या विभागप्रमुखांचा फोन आला, आठवड्याभरात बाहेरचे पाहुणे हा प्रयोग बघायला येणार होते. "दिवा तेवढा चालू ठेवा," ते म्हणाले. मी नाही म्हटलं.

पुढचे दिवस मी खांबाखालीच काढले. पाठवणारा आणि ऐकणारा अँटेना वेगळ्या खांबांवर नेला, मध्ये पत्रा उभा केला. वजाबाकी दर मिनिटाला नव्याने जुळेल असं केलं. अधूनमधून पेटीने संदेश थांबवून नुसतं ऐकायचं, असंही ठरवलं. आणि एक पिवळा दिवा वाढवला: मला दिसत नाही, असं सांगणारा. गोंगाट वाढला की हिरवा आपोआप विझायचा. चाचणीच्या पहिल्या सकाळी पिवळा इतका वेळ लागून राहिला की मला लाज वाटली. मावशींना वाटली नाही. "आता खरं बोलून राहिली," त्या म्हणाल्या.

त्या हंगामात पुढे नुसत्या चाचण्याच झाल्या; बायका पेटीवाचूनच जात. पुढच्या वर्षी आम्ही दिवे परत लावले. दोनदा लाल लागला, दोन्ही वेळा अस्वल खरंच होतं. एकदा बैलालाही लाल लागला. मी रोज पहाटे गोंदियाहून पडदा उघडून ती रेघ बघत असे, सुट्टीच्या दिवशीही; बायका परत येईपर्यंत बाजूचा चहा गार होऊन जाई. एका सकाळी मावशींना फोन केला. हिरवा होता, त्या निघतच होत्या. मागून कुत्र्यांचं भुंकणं आणि दगडावर काठ्या आपटल्याचे आवाज येत होते.

"हिरवा आहे ना मावशी, मग काठ्या कायले?" मी विचारलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी पहिल्यांदा गरम चहा प्याले.