सुरेखाताईंनी स्टेजवर न घेतलेली पदवी

ज्या कॉलेजनं सुरेखाताईंची पदवी आठ महिने कपाटात कोंडून ठेवली, त्याच कॉलेजच्या पेजवर आज सकाळी त्यांचा हार घातलेला फोटो पडला.

खाली लिहिलंय, 'आमच्या विधी महाविद्यालयाचा अभिमान.'

अभिमान म्हणे!

ताई काल वारल्या. बदनापूरला, राहत्या घरी. हार्ट अटॅक. पन्नाशीही गाठली नव्हती.

मी त्यांचा क्लासमेट. वयानं पंधरा वर्षं लहान. त्या फोटोखाली 'RIP' लिहिणारे निम्मे लोक पदवीदानाच्या दिवशी मांडवात होते. म्हणून लिहितोय.

ताईंचे मिस्टर, दत्ताभाऊ, एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये कामाला होते. एका दुपारी मशीनमधून लाल तापलेली सळई सुटली आणि त्यांच्या छातीत घुसली.

मिलनं कोर्टात लिहून दिलं, हा आमचा कामगारच नव्हता.

मिलच्या वकिलानं उलटतपासणीत ताईंना विचारलं, "तो तिथं कामाला होता, याला पुरावा काय?"

ताई म्हणाल्या, "ते तिथंच मेले."

कोर्टात कुणीतरी हसलं.

"त्या हसण्यानं मला कॉलेजात आणलं, गणेश," असं त्या मला सांगायच्या. ब्लाऊज शिवत शिवत बीए केलं, मग एलएलबी. रोज बदनापूरहून रेल्वेनं जालन्याला. सर लेक्चरला येवोत न येवोत, पहिल्या बेंचवर ताई हजर.

मग आला पदवीदान समारंभ.

आम्हाला सकाळी नऊला बोलावलं. पाहुणे उगवले साडेअकराला. तोवर आम्ही भाड्याचे काळे गाऊन घालून घामाघूम, ओंजळीत फुलांच्या पाकळ्या. पाहुण्यांवर उधळायला.

पाहुणे दोन. एक निवृत्त न्यायाधीश. दुसरे मोठे उद्योजक, कॉलेजच्या नव्या हॉलचे देणगीदार.

हे उद्योजक म्हणजे त्याच मिलचे मालक.

ताईंनी त्यांना गाडीतून उतरताना पाहिलं. हातातल्या पाकळ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिल्या.

शाल, नारळ, मानपत्र. न्यायाधीश साहेब 'शेवटच्या माणसाला न्याय' या विषयावर पाऊण तास बोलले. फार सुंदर बोलले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू.

पदव्या मालकांच्या हस्ते होत्या.

ताईंचं नाव पुकारलं. त्यांच्यानंतर माझा नंबर, मी पायरीवरच उभा. शब्द न् शब्द ऐकलाय.

मालकांनी फोटोग्राफरकडं बघत पदवी पुढं केली. ताईंनी हात जोडले.

"साहेब, माझा माणूस तुमच्या मिलमधी मेला. तुम्ही लिहून दिलं, तो आमचा नव्हताच. मंग तुमच्या हातून मी हे कसं घेऊ?"

मालक फोटोसाठी हसत होते. ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

ताई न्यायाधीशांकडं वळल्या. "सर, तुम्ही द्या. तुमच्या हातून घेते मी."

न्यायाधीश साहेबांनी प्राचार्यांकडं पाहिलं. प्राचार्यांनी मानेनंच नको म्हटलं.

मग साहेबांनी समोरची कार्यक्रमपत्रिका उचलली आणि वाचायला लागले.

ताई रिकाम्या हातानं खाली उतरल्या.

सूत्रसंचालक घाईघाईनं म्हणाला, "आपल्या प्रमुख पाहुण्यांसाठी एकदा जोरदार टाळ्या!"

आम्ही वाजवल्या.

मीसुद्धा. पुढं जाऊन त्याच हातातून पदवी घेतली आणि वाकून पायाही पडलो.

दुसऱ्या दिवशी ताईंना भेटायला गेलो. त्याच म्हणाल्या, "तुझ्या आईनं बघितलं ना तुला स्टेजवर? बास मंग. चहा घे."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्राचार्यांनी माफीनामा मागितला. ताई म्हणाल्या, "लिहून द्यायची सवय तुमच्या पाव्हण्यांना हाय, सर. मी नुसतं बोलले."

त्यावर आठ महिने पदवी अडकली. पदवी नाही म्हणून वकिलीची सनद नाही. ताईंनी विद्यापीठाच्या खेपा घातल्या, अर्ज केले, अपिलं केली. शेवटी एका खिडकीतून एका क्लार्कनं पदवी हातात दिली. ना शाल, ना फोटो.

सनद मिळाल्यावर सगळ्यात आधी स्वतःच्या नवऱ्याची रखडलेली केस हातात घेतली. साक्षीदार नव्हता. दत्ताभाऊंच्या शेजारी काम करणारा एक म्हातारा अंबड तालुक्यात गावी जाऊन राहिला होता. ताई चार वेळा गेल्त्या त्याच्याकडं. तीनदा त्यानं दार लावून घेतलं. चौथ्यांदा म्हणाला, "येतो, ताई. आता मला कोण कामावरून काढून राह्यलं?"

दोन महिन्यांपूर्वी निकाल लागला. कोर्टाच्या व्हरांड्यात ताईंनी मला एकच ओळ तीनदा वाचून दाखवली.

'मयत हा सदर कारखान्याचा कामगार होता.'

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

मिलनं अपील केलंय. मिलच्या बाजूनं ते चालवणार माझे सीनियर. त्यांच्याच चेंबरमध्ये मी बसतो. हे ताईंना माहीत होतं. एका शब्दानं कधी बोलल्या नाहीत.

काल स्मशानातून परतल्यावर त्यांची मुलगी वैष्णवी आतून फाईल घेऊन आली. "काका, आईनं अपिलाचं उत्तर अर्धं टाईप केलंय. पुढचं कुणाला सांगू?"

मी फाईल घेतली.

आज सकाळी सीनियरांना फोन करून सांगितलं, उद्यापासून येत नाही. ते म्हणाले, "भावनेच्या भरात निर्णय घेऊ नको."

भावना कसली! त्या दिवशी टाळ्या वाजवल्या तेव्हाच लाज वाटायला हवी होती. पाच वर्षं उशीर झाला.

कॉलेजच्या त्या पोस्टखाली आता मालकांनीही हात जोडलेत. मी तिथं काही लिहिणार नाही.

ताई, तुम्ही निवांत जा.

तारखेला मी उभा राहतो.